खवट, कुबट, करपट

मराठीत बिघडलेल्या वस्तूच्या वासाला नाव द्यायची वेळ आली, की शब्द बहुधा 'ट'वर येऊन टेकतो. जुन्या खोबऱ्याचा वास खवट, श्रावणात न वाळलेल्या कपड्यांचा कुबट, तळाला लागलेल्या दुधाचा करपट, उन्हाळ्यात झाकून राहिलेल्या भाताचा उबट, मासळीचा वशट, पहिल्या पावसात आलेल्या पाण्याचा मातकट. हा 'ट' काही एकट्या वासाची मिरास नाही. आंबट, तुरट, खारट या चवी आणि पांढरट, काळपट हे रंगही त्याच पंगतीत बसतात. पण त्या पंगतीत वासालाही पान मांडलेलं आहे, ही गोष्ट साधी नाही. जगातल्या कितीतरी भाषांत वासासाठी स्वतःची विशेषणं फारशी नसतात. तिथे 'अमक्यासारखा वास' असं वस्तूचा हात धरून बोलावं लागतं. मराठी मात्र खोबरं, तूप, शेंगदाणे, फरसाण या सगळ्यांत उतरणारा एकच गुण वेगळा काढते आणि त्याला 'खवट' म्हणते. रसायनशास्त्रज्ञही हेच करतो. स्निग्ध पदार्थाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो, त्याचे मोठे रेणू तुटतात आणि अल्डिहाइड जातीचे छोटे, उडून जाणारे रेणू तयार होतात, असं तो सांगतो. डबा उघडून 'खवट झालं' म्हणणाऱ्या आजीने एका रासायनिक क्रियेचं निदान केलेलं असतं. तिला फक्त तिचं शास्त्रीय नाव ठाऊक नसतं. एवढी शब्दसंपत्ती घरात असताना शाळेत मात्र मुलांच्या हाती दोनच शब्द पडतात, सुवास आणि दुर्गंध.

पंचेंद्रियांच्या धड्यात डोळ्याला प्रकाश मिळतो, भिंग मिळतं, इंद्रधनुष्य मिळतं; कानाला कंपनं आणि पडदा मिळतो; नाकाच्या वाट्याला 'नाकाने आपण वास घेतो' एवढंच येतं. माझं म्हणणं असं, की उल्हासनगरच्या कॅम्प ४मध्ये तरी हा क्रम उलटा करावा आणि सगळ्यांत मोठा धडा नाकाचा ठेवावा. हे तिथल्या मुलांची कीव म्हणून नव्हे, तर तिथे शिकवण्याचं साहित्य खिडकीबाहेरच आहे म्हणून. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं उल्हासनगर झालं. छावणीचे पाच कॅम्प तसेच राहिले, बराकीही पत्त्यांतून तशाच राहिल्या. आज कॅम्प ४मध्ये एका गल्लीत दाल-पकवानची फोडणी आणि भाजलेला मिरीचा पापड, दुसरीत वडापावचं तेल, तिसरीत सुक्या बोंबलाची चटणी. शेजारच्या कॅम्प ५ने जीन्सच्या धंद्यासोबत ब्लीचचा वास ओळखीचा केला. काकोळ्याच्या बाजूने येणारी वालधुनी नदी अंबरनाथच्या इ.स. १०६०च्या शिवमंदिराला वळसा घालून, कारखाने आणि वस्त्यांचं सांडपाणी पोटात घेऊन, इथून पुढे कल्याणच्या खाडीकडे जाते. इतके वेगवेगळे रेणू एका चौरस किलोमीटरमध्ये दुसऱ्या कुठल्या वर्गाला मिळणार?

धड्याची सुरुवात मिठापासून करावी. मिठाला वास नाही, कापराला आहे. कारण मिठाचे कण जागचे हलत नाहीत आणि कापूर सतत थोडा थोडा हवेत उडून जात असतो. वास येतो म्हणजे त्या वस्तूचे काही रेणू प्रत्यक्ष नाकात पोचलेले असतात. दिसणाऱ्या वस्तूला आपण दुरूनच ओळखतो. वास देणारी वस्तू मात्र किंचितशी आपल्या आत आलेली असते. नाकाच्या पोकळीच्या अगदी वर, दोन डोळ्यांच्या मधोमध, टपाल तिकिटाएवढ्या जागेत ओलसर अस्तराचा एक पट्टा असतो. त्यात लाखो चेतापेशी केसांसारखे सूक्ष्म तंतू बाहेर काढून बसलेल्या असतात. प्रत्येक पेशीवर एकाच प्रकारचा ग्राहक असतो आणि माणसात असे सुमारे ४०० प्रकार आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी या ग्राहकांची जनुकं १९९१मध्ये शोधली. २००४चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. पुढची व्यवस्था कॅम्पातल्या मुलाला कुणी समजावून सांगायची गरजच नाही. एकाच प्रकारचा ग्राहक असलेल्या पेशी अस्तरात कुठेही विखुरलेल्या असोत, त्यांचे धागे कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून वर जाऊन मेंदूतल्या ठरावीक गाठींवरच पोचतात. जणू सगळ्या पत्रांवर बराकीचा एकच नंबर घातलेला असावा. एक रेणू अनेक प्रकारच्या ग्राहकांना कमी-अधिक हलवतो आणि कोणकोणत्या बराकींत एकाच वेळी दिवे लागले, यावरून मेंदू 'हिंग' किंवा 'केवडा' वाचतो. चारशे बराकींतून असे किती नमुने निघतील, हा हिशेब गणिताच्या तासाला ठेवावा.

या धड्याला प्रयोगशाळाही लागत नाही. नाक चिमटीत धरून बडीशेप चावावी: नुसती फिकट गोडी लागते. चिमूट सोडली, की बडीशेप 'येते'. ती जिभेवर नव्हतीच. घशामागच्या वाटेने वर चढून नाकात पोचली. आपण चव म्हणतो त्यातला मोठा वाटा असा नाकाचा असतो आणि २०२०-२१मध्ये करोनाने वास हिरावला तेव्हा घरोघरी जेवण 'मातीसारखं' का झालं, याचं उत्तर या एका चिमटीत आहे. मग मिरीचा पापड तसाच नाक धरून खावा. उडदाचा खमंगपणा जातो, मिठाचा खारटपणा राहतो आणि मिरीचा तिखटपणाही राहतो. म्हणजे तिखटपणा हा वास नव्हे, चवही नव्हे. ते काम त्रिधारी चेतेचं, चेहऱ्यावरच्या वेदना नेणाऱ्या मज्जातंतूचं. ब्लीच, अमोनिया, कापलेला कांदा यांनी डोळ्यांत पाणी येतं तेही तिच्यामुळे. मराठीने हा फरक शास्त्राची वाट न बघता करून ठेवला आहे: कापराचा 'वास येतो', ब्लीच 'झोंबतं'. पहिलं ओळख सांगतं, दुसरं धोका. रसायनांच्या शेजारी राहणाऱ्या मुलाला या दोन क्रियापदांतलं अंतर माहीत असणं हे निव्वळ भाषाज्ञान नाही.

पहिली हरकत ठरलेली आहे: माणसाचं नाक ते काय, आणि त्यासाठी एवढा धडा कशाला? वास घ्यावा कुत्र्याने. ही समजूत एकोणिसाव्या शतकातली आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल ब्रोका याने १८७९मध्ये माणसाला दुबळ्या नाकाच्या प्राण्यांत बसवलं, तेही माणूस हुंगून अपयशी ठरला म्हणून नव्हे, तर मेंदूच्या पुढच्या भागाच्या तुलनेत वासाचा भाग लहान दिसला म्हणून. प्रमाण लहान म्हणून शक्ती लहान, असा तो तर्क. जॉन मॅकगॅन यांनी २०१७मध्ये 'सायन्स'मध्ये हा सगळा इतिहास तपासून दाखवलं, की माणसाच्या मेंदूतला वासाचा कंद आकाराने खुजा नाही आणि त्यातल्या चेतापेशींची संख्याही इतर सस्तन प्राण्यांच्या जवळपासच आहे. त्याआधी बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी ३२ जणांचे डोळे-कान झाकून त्यांना गवतावर रांगायला लावलं आणि चॉकलेटच्या वासाचा माग काढायला सांगितला. दोन-तृतीयांश लोकांना तो काढता आला आणि सरावाने त्यांचा वेगही वाढला. आपल्या ओळखीचा पुरावा हवा असेल तर पहिल्या पावसाचा घ्यावा. मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. हवेत लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी माणसाला ते कळतं. बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९६४मध्ये या वासाला 'पेट्रिकोर' असं नाव दिलं, पण कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीतून हाच वास चंदनाच्या तेलात त्याआधीपासून उतरवत आले होते. तेव्हा नाक दुबळं नाही. त्याला कुणी कामाला लावत नाही, एवढंच.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. डोळ्याला लाल दिसलं की सगळ्यांना लालच दिसतं. वासाचं तसं नाही. एकाला आवडतो तो दुसऱ्याला सोसवत नाही. मग मुलांना त्यात शिकवणार काय? यात खरं आहे ते मान्य करू. ग्राहकांच्या जनुकांत माणसागणिक फरक असतो, त्यामुळे काही वास काहींना जवळजवळ येतच नाहीत. पण 'आवडतो का' आणि 'कोणता आहे' हे दोन प्रश्न आहेत आणि घोळ त्यांची सरमिसळ केल्याने होतो. मलाया द्वीपकल्पातल्या जंगलात राहणाऱ्या जाहाय लोकांच्या भाषेत वासांसाठी स्वतंत्र शब्द आहेत. आसिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४मध्ये दाखवलं, की जाहाय माणसं रंगांची नावं जितक्या सहज आणि एकमताने सांगतात, तितक्याच सहज वासांचीही सांगतात; इंग्रजी बोलणारे मात्र रंगांना चटकन नाव देतात आणि वासापुढे चाचपडतात. माझ्या मते शहाणपण असं, की वास मुळात धूसर नसतो, तो शब्दांवाचून धूसर राहतो. जाहायांना जंगलाने जे दिलं, त्याच्या जवळ जाणारं आपल्या स्वयंपाकघराने आपल्याला दिलं आहे. खवट म्हणजे तेलाला हवा लागली, कुबट म्हणजे ओलीत बुरशी धरली, आंबूस म्हणजे जिवाणूंनी आम्ल केलं, करपट म्हणजे आच जास्त झाली, खमंग म्हणजे ती बेताची होती. यातला एकही शब्द आवडनिवड सांगत बसत नाही. प्रत्येक शब्द काय घडलं ते सांगतो.

तिसरी हरकत कॅम्पातूनच येईल: इथे राहणाऱ्याला वास येतच नाही हो. हेही खरं. विठ्ठलवाडी मागे पडली की लोकलमधला परगावचा प्रवासी रुमाल काढतो आणि रोजचा प्रवासी मोबाइलवरची मान वर करत नाही. एकच वास सतत येत राहिला तर काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडून देतं, कारण त्याचं काम बदल टिपण्याचं आहे. म्हणून मला वाटतं, या धड्याचा गाभा इथेच आहे. 'वास गेला' आणि 'वास येईनासा झाला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे दहा वर्षांच्या मुलाला कळलं पाहिजे. यात जीवही जाऊ शकतो. तुंबलेल्या गटारात प्राणवायू संपला, की काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. हवेच्या अब्ज भागांत त्याचे मोजके भाग असतानाच सडक्या अंड्याचा वास येऊ लागतो, इतकं नाक त्याच्या बाबतीत तीक्ष्ण आहे. पण दशलक्षात शंभर भागांच्या आसपास हा वायू गेला, की तेच नाक काही मिनिटांत बधिर होतं. विष वाढत असताना वास नाहीसा होतो. मॅनहोलमध्ये उतरलेल्या माणसामागे त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही वर येत नाहीत, अशा बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. त्यांतल्या अनेकांमागे हा वायू असतो. नाकावर विश्वास ठेवायला शिकवणाऱ्या धड्याने नाक कुठे दगा देतं तेही शिकवलं पाहिजे, नाहीतर तो धडा अर्धवट आणि म्हणून घातक ठरेल.

चौथी हरकत बोलून दाखवली जात नाही, पण तीच सगळ्यांत खोल आहे. आपल्याकडे वासाचा उपयोग वस्तू ओळखण्यापेक्षा माणसं दूर ठेवण्यासाठी जास्त झाला. अमक्यांच्या घराला वास येतो, तमक्यांच्या डब्याला येतो. मासे शिजवणाऱ्याला भाड्याने घर मिळत नाही, गटार साफ करणाऱ्याला कपात चहा मिळत नाही. मराठीत 'नाक मुरडणं' हा वाक्प्रचार काही उगाच रुजलेला नाही. जिथे निर्वासित सिंधी, सुभाष टेकडीवरची आंबेडकरी वस्ती, कोकण-खानदेशातून आलेली कुटुंबं आणि उत्तर प्रदेशातले कारागीर एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतात, तिथे वर्गात वासाची चर्चा काढणं म्हणजे एखाद्या मुलाला खाली मान घालायला लावणं नव्हे काय? चर्चा टाळली तर तसं होणार नाही, असं मात्र नाही. ते मधल्या सुट्टीत होतच असतं, फक्त तिथे मास्तर नसतात. उलट विज्ञान इथे मुलाच्या बाजूने उभं राहतं. माशाचा वास ट्रायमिथिलअमाइन या अल्कधर्मी द्रव्याचा. कोकम, चिंच, लिंबू लावलं की आम्लाशी त्याचं लवण होतं आणि ते हवेत उडत नाही. यात जात कुठेच येत नाही. किळसही बरीचशी शिकलेली असते. फ्रान्समध्ये २०००च्या सुमारास झालेल्या एका अभ्यासात गरोदरपणाच्या शेवटी बडीशेपेसारख्या वासाची ॲनिस खाल्लेल्या आयांची बाळं जन्मल्यावर काही तासांतच त्या वासाकडे वळली. इतरांची वळली नाहीत. म्हणजे कॅम्प ४च्या शासकीय प्रसूतिगृहात एकाच रात्री जन्मलेली चार बाळं आपापल्या आईचं स्वयंपाकघर नाकात घेऊनच आलेली असतात. दुसऱ्याच्या डब्याचा वास परका वाटतो तो तो डबा वाईट असतो म्हणून नव्हे, तर आपली सवय वेगळी असते म्हणून. नाक मुरडण्यावर 'मुरडू नका' हा उपदेश फार चालत नाही. 'वास काढणं' या आपल्याच दुसऱ्या वाक्प्रचाराकडे मुलाचं नाक वळवलं, तर मुरडायला त्याला सवड राहत नाही.

उरली यंत्रांची हरकत. हवा मोजायला उपकरणं असताना मुलांची नाकं कशाला? तर उपकरणांच्या जगानेच नाकाला किती मान दिला आहे ते बघावं. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत वास नसलेला नैसर्गिक वायू गळून साचला, स्फोट झाला आणि सुमारे तीनशे जण, बहुतेक मुलं, दगावली. त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळणं सक्तीचं होत गेलं. आपल्या सिलिंडरमधला इथिल मरकॅप्टन त्याचसाठी असतो. देशातल्या कोट्यवधी स्वयंपाकघरांची सुरक्षा अशी आजही घरातल्या नाकावर उभी आहे. दुर्गंधीची तीव्रता मोजण्याची युरोपातली प्रमाणित पद्धतही पारखलेल्या माणसांच्या नाकांवरच चालते, आणि आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही २००८मध्ये दुर्गंधी प्रदूषणावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आहे. एकेका वायूचं मोजमाप यंत्र अचूक करतं. पण कुठे आणि कधी मोजायचं, हे त्याला कुणीतरी आधी सांगावं लागतं.

वालधुनीचा अनुभव हाच आहे. २०१४च्या नोव्हेंबरअखेरीस या नदीत रात्री रसायन ओतलं गेलं आणि पहाटे काठच्या वस्त्यांतले शेकडो लोक गुदमरून, मळमळून उठले. त्यांना रुग्णालयांत हलवावं लागलं. उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध वनशक्ती या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे आधीच धाव घेतली होती. २०१५मध्ये लवादाने स्थानिक संस्था आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना दंड ठोठावला. ३ जून २०२१च्या रात्री बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतून वायू गळला, तेव्हाही पहिली वर्दी नाकांनी आणि घशांनीच दिली. वाहत्या नदीतला पुरावा थांबत नाही. नमुन्याची बाटली येईपर्यंत पाणी खाडीला पोचलेलं असतं. त्या वेळी जागेवर हजर असलेला साक्षीदार म्हणजे माणसाचं नाक. पण 'लई घाण वास आला' ही साक्ष कुठल्याही चौकशीत टिकत नाही. 'पहाटे चारपासून, सडक्या अंड्यासारखा, आधी वास आला आणि मग झोंबायला लागलं, वारा नदीकडून होता, अर्ध्या तासाने वास कमी झाला पण डोकं जड राहिलं' ही साक्ष मात्र तपासाला दिशा देते. या दोन वाक्यांमधलं अंतर पदवीचं नाही. सहावीतल्या मुलाने तीन-चार तासांत कापावं, एवढंच ते आहे.

अर्थात मुलांना हुंगत फिरायला सांगायचं नाही. बाटलीला नाक लावायचं नाही, हाताने वारा घालून वास ओढायचा. झोंबलं की थांबायचं. अनोळखी द्रव, नाला, टाकी यांच्याजवळ वास घ्यायला जायचंच नाही. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता खिडक्या उघडून बाहेर पडायचं. हे चार नियम आधी, मग मीठ आणि कापूर, मग बडीशेप आणि पापड, मग घरातल्या खवट, कुबट, करपट, उबट वस्तूंची यादी, आणि प्रत्येक शब्दापुढे काय घडलं त्याचं एक वाक्य. सिंधी मुलांनी आपल्या घरातले शब्द आणावेत, भोजपुरी मुलांनी त्यांचे. फळ्यावर एका क्रियेला तीन भाषांतली नावं उभी राहतील. या तासाला खर्च नाही, परवानगी लागत नाही, उपकरण तर प्रत्येकाच्या तोंडावरच आहे. शाळा जूनमध्ये उघडतात, पहिला पाऊसही त्याच सुमारास येतो. शिक्षकांना एकच विनंती: त्या दिवशी वर्गाच्या खिडक्या लावून घेऊ नका. मातीचा वास आत येईल, मागोमाग वालधुनीचाही येईल. त्या तासाला दोन्ही वासांची नावं मुलांना फळ्यावर लिहू द्या.